आवाजाची मिसल

आमच्या शेजारच्या गिरदावरांनी मला एकदा हायवेवर गाडीतून उतरवलं होतं. माझा गुन्हा एवढाच, की गाडी गुणगुणत होती आणि त्यांचा संशय माझ्यावर होता.

तसं माझ्या आधी त्यांनी बरंच काही उतरवलं होतं. डिकीतला जॅक, पाण्याचा कॅन, माझी भाजीची पिशवी, जुनी छत्री. एकेक वस्तू खाली ठेवायची, आमच्या यांना गाडी पुन्हा ऐंशीच्या वर पळवायला लावायची, कान लावून ऐकायचं आणि पुढच्या वळणावरून परत यायचं. बोथ फाट्याच्या टपरीपुढं आमच्या संसाराचं दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. सामान संपलं तेव्हा ते माझ्याकडे वळले. "वयनी, आता तुमी उतरा." मी उतरले. गाडी गेली, परत आली. गिरदावरांनी काच खाली केली आणि चहा पिणाऱ्या चार परक्या माणसांसमोर निकाल सांगितला, "वयनी उतरल्या अन् आवाज निम्मा झाला."

टपरीवाल्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. दया आली असावी.

गिरदावर हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा. पटवाऱ्याच्या वर आणि तहसीलदाराच्या खाली. सरकारी कागदावर त्याला आता इंग्रजी नाव आहे, पण आदिलाबादेत जुन्या माणसांच्या तोंडी अजून गिरदावरच. बोथ आणि बाजारहत्नूरकडे बांधांच्या भांडणात त्यांचा जन्म गेला. नोकरी संपली, तपास संपला नाही. "मौका पाह्यल्याबिगर आपून बोलत नाई," हे त्यांचं पालुपद. मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. दूध पातळ आलं तर दूधवाल्याचं बयान घेऊन ते थांबत नसत, म्हैस बघायला गोठ्यावर जात. माझा एक स्टीलचा डबा हरवला तेव्हा त्यांनी गल्लीतल्या चार घरी चौकशी केली आणि डबा अखेर त्यांच्याच फळीवर सापडला. तो घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. "मुलजिम हजर हाये, वयनी." आत मीच दिलेला चिवडा होता, अर्धा संपलेला.

घरात एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही.

आता माझ्याविषयी. तेव्हा मी तरुण होते, साठीच नुकती ओलांडली होती, आणि डोकं त्या वयाच्या पोरींचं असतं तेवढंच होतं. आमचे हे हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि मला शब्द दिला, की आता तू पुढं बसायचं आणि आपण फिरायचं. मी आठवडी बाजारातून काळा गॉगल आणला. आरशापुढे लावून पाहिला. पुढच्या सीटवर पदर कसा घ्यायचा याचासुद्धा सराव केला, खुर्चीवर बसून. हसू नका, कोणी बघत नव्हतं.

तर अशी मी, गॉगलसकट, पहिल्या महिन्यातच मागच्या सीटवर गेले. झालं असं, की हायवेला गाडीचा वेग वाढला की बारीक हूं-हूं असा आवाज येऊ लागला. तो पहिल्यांदा मला ऐकू आला. मी यांना विचारलं, आवाज येतो ना? हे म्हणाले, हो, येतो. मीच अक्कल चालवून शेजारी सांगितलं. गिरदावरांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मौका म्हणे पुढूनच दिसतो.

मला उतरवल्यावर आवाज निम्मा का झाला याचाही त्यांनी छडा लावला. मला मागे डावीकडे बसवलं, मग उजवीकडे. गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे घ्यायला लावली. मी डाव्या बाजूला बसले की चाकावर भार यायचा आणि आवाज वाढायचा. म्हणजे मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं. जवळच्या मावला गावातल्या मेकॅनिकने चाक काढून हाताने फिरवलं आणि मान डोलावली. माझं नाव मात्र त्या निकालात वजन म्हणूनच राहिलं.

बेअरिंग बदललं. आवाज गेला. मला वाटलं, सुटले. मी गॉगल पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गिरदावर इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात हजर. मिसल अजून बंद झाली नाही म्हणाले, म्हणजे चौकशी चालूच आहे. मी म्हटलं, आवाज तर थांबला. यांनी गाडी पुसता पुसता सांगितलं, "थोडा येतोच आहे." आणि दोघे निघून गेले, गुडीहत्नूरपर्यंत.

मग ते रोजचंच झालं. मी दारात उभी राहून त्या पांढऱ्या गाडीचा मागचा भाग पाहायची आणि आत येऊन भांडी आपटायची. दुसरी बाई असती तर भांडता तरी आलं असतं. सत्तरीच्या, टक्कल पडलेल्या, तपकीर ओढणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? आणि खरी कळ वेगळीच होती. घरात मी हाक मारली की हे ओ देत नसत. स्वयंपाकघरातून दहादा विचारावं, कढी करू का पिठलं, तर उत्तर नाही. तेच गिरदावर समोर बसून आपल्या त्या कचेरीतल्या खणखणीत आवाजात बोलले, की यांचा चेहरा उजळायचा, हे मान हलवायचे, उत्तरं द्यायचे. मी मुलाला फोनवर सांगितलं, की तुझ्या बाबांचे कान आता शेजाऱ्यांच्या नावावर झालेत. तो हसला. मी हसले नाही.

शेवटी मी ठरवलं, की आपणही मौका पाहायचा. बाजारहत्नूरला गिरदावरांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे तुरीची डाळ आणायला दोघे निघाले तेव्हा मी न विचारता मागे जाऊन बसले. गॉगल लावला, म्हणजे डोळे दिसू नयेत.

गाडीत आवाजाचा मागमूस नव्हता. आवाज होता तो गिरदावरांचा. ते अखंड बोलत होते आणि तेही काय, तर डाव्या हाताला कपाशी, उजवीकडे बैलगाडी, पुढं पूल. मला वाटलं, अजून शेतं मोजून राह्यले. यासाठी माझी जागा घेतली? मी मनात टोमणे जुळवत होते, तेवढ्यात मागून एक मोटारसायकल डाव्या बाजूने घुसली. पोरगा सारखा हॉर्न वाजवत होता, मला मागे बसून कान किटेपर्यंत ऐकू येत होता. हे मात्र शांतपणे गाडी डावीकडेच घेत होते.

"डाव्या हाताला मोटारसायकल, मास्तर," गिरदावर त्याच सुरात म्हणाले. यांनी झटकन गाडी सरळ केली.

माझे सगळे टोमणे जागच्या जागी राहिले.

डाळ गाडीत ठेवायला हे शेतकऱ्याबरोबर गेले तेव्हा मी गिरदावरांना गाठलं. म्हटलं, भाऊजी, गाडीत आवाज नाही.

"नाई. बेअरिंग बदललं तवाच गेला."

"मग हे येतो म्हणतात ते?"

"त्यांना आधीबी येत नव्हता, वयनी. तुमी म्हनल्या म्हणून ते हो म्हनले. नवं चाक बसवून मी इचारलं, आता? तर म्हनले, थोडा येतो. तवा मले समजलं."

मी म्हटलं, मग मला सांगायचं. मी बायको आहे.

गिरदावर तुरीच्या शेताकडे वळले. "आमच्या घरी बी असंच झालं. मी हाक मारो, ती पलटून पाहत नव्हती. मले वाटे, मुद्दाम करून राह्यली. लय ओरडलो तिच्यावर. मंग हाक मारनंच सोडलं. कान गेले होते तिचे, हे डॉक्टरनं सांगतलं तवा ती शेवटच्या दुखण्यात पलंगावरच होती." तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच बंद केली. "मास्तर मानी मानूस. चारचौघांत बयान घेऊन बहिरं ठरवू का त्यांना? म्हणून मिसल उघडी ठेवली."

 परत येताना मी यांच्या मानेकडे बघत बसले. कढी की पिठलं, एवढ्यावरून मी या मानेला किती शिव्या दिल्या होत्या.

घरी आल्यावर मी यांच्यासमोर खुर्ची ओढली, तोंडासमोर तोंड धरून सांगितलं, की कानाला यंत्र लावायचं, नाहीतर गाडीची किल्ली मुलाकडे जाईल. दोन दिवस रुसून बसले, तिसऱ्या दिवशी नागपूरला चला म्हणाले. कानात यंत्र बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "एवढं मोठ्यानं काऊन बोलून राह्यलीस?"

गिरदावरांनी मिसल बंद झाल्याचं फाटकातूनच सांगितलं. मला पुढची सीट मिळाली. मी गॉगल लावला, पदर घेतला, अगदी सरावाप्रमाणे. गुडीहत्नूरला गेलो, चहा प्यायलो. मजा आली म्हणायला हरकत नाही.

पण रोज पाचला गाडी काढताना शेजारच्या ओट्यावर ते दिसायचे. इस्त्रीचा शर्ट अंगावर, पायात चपला. आमच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत बसलेले. एवढं माझ्या मनासारखं झालेलं असताना तो शर्ट काही मला बघवेना. चार-सहा दिवस मी तोंड फिरवून पाहिलं. मग एक दिवस गाडीतून उतरले आणि त्यांच्या ओट्याजवळ गेले.

"भाऊजी, गाडीत परत आवाज येऊन राह्यला."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "कोन्या बाजूनं?"

"मागून. मागच्या सीटवर बसूनच समजेल."

पुढची सीट मी सोडणार नव्हते, एवढं त्यांनाही कळलं असावं. ते मागे बसले. हायवेला लागलो, काटा ऐंशीच्या वर गेला. गाडी अशी शांत चालली होती, की माझ्या बांगड्यांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. गिरदावर डोळे मिटून ऐकत होते. 

यांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं, आरशात मागे पाहिलं आणि म्हणाले, "आहे, गिरदावर. मलाही ऐकू येऊन राह्यला."