रुखवतातला बंब

इंजिन गेलं हे विष्णुपंतांना कळलं ते शेजारच्या जिज्ञासाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी. पितळी चाकाला तेल देऊन, स्क्रू मुठीत धरून ते कपाटाशी आले, तर फळीवर बॉयलर नव्हता. धुळीत त्याच्या बुडाचा गोल डाग तेवढा उरला होता.

"मीनल, इथलं माझं इंजिन कुठंय?"

सून आरशासमोर पदराला पिन लावत होती. "इंजिन? तिथे तर छोटा बंब होता बाबा. तो मी जिज्ञासाच्या आईला दिला, नीलिमाताईंना, रुखवतासाठी. त्यांच्या भातुकलीत चूल, जातं, घंगाळ सगळं होतं. बंबच नव्हता."

विष्णुपंतांनी मुठीतले स्क्रू टेबलावर ठेवले. सुनेला तरी काय बोलणार? उभं पितळी पोट, वर चिमणी, खाली जाळाची जागा. चाक आणि सिलिंडर दुरुस्तीसाठी त्यांनीच काढून ठेवले होते. उरलेल्याला कुणीही बंबच म्हटलं असतं.

वाफेवर चालणारी अशी खेळण्यातली जुनी इंजिनं त्यांच्याकडे कपाटभर होती. पण हे त्यांच्या बायकोने, माधवीने आणलेलं. उल्हासनगरच्या सिंधी भंगारवाल्याशी तासभर भांडून. विष्णुपंत पाणी भरायचे, काडी ती लावायची. ती गेल्यापासून हे इंजिन पेटलं नव्हतं.

"लग्न झालं की मागून घेऊ ना," मीनल म्हणाली.

"रुखवत परत येतं का कधी? ते मुलाकडे जातं!"

चाक, सिलिंडर आणि स्क्रू रुमालात बांधून, अंबरनाथहून रिक्षा करून विष्णुपंत बदलापूरला मांजर्लीच्या हॉलवर पोचले. रुखवताचं टेबल स्टेजला लागूनच होतं. लाडवांचा डोंगर, साखरेची तुळस आणि मधोमध, चिंचेने घासून लखलखीत केलेलं त्यांचं इंजिन.

नीलिमाने दुरूनच हात जोडले. "काका, पाया पडते. आत्ता नको. मुलाच्या आईला तो बंब इतका आवडलाय! फोटो काढून गावाला पाठवला त्यांनी. आता उचलला तर म्हणतील, मुलीकडचे दिलेलं काढून घेतात."

ती वळताच विष्णुपंतांनी हळूच हात पुढे केला.

"ओ पाव्हणं! काय चाललंय?"

मागे फेटा बांधलेले एक आजोबा खुर्चीत बसले होते. नवऱ्या मुलाचे आजोबा, दिनानाथ. फोटो काढून झाल्यावर सगळ्यांनी त्यांना तिथेच बसवून ठेवलं होतं आणि ते भयंकर कंटाळले होते.

"हा बंब नाही हो. इंजिन आहे. माझं आहे."

"इंजिन! मग ते बाजूचं जातं काय विमान आहे?"

"खरंच सांगतो. वाफेवर चालतं."

"चालवा मग. चाललं तर घेऊन जा, मी बघतो घरच्यांचं. नाय चाललं तर गुमान जेवायला बसायचं."

विष्णुपंतांनी रुमाल सोडला. चाक बसवलं, सिलिंडर बसवला. चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं. दिनानाथ भटजींच्या ताटातून कापूर घेऊन आले, तोही मूठभर. काडी कुणी लावायची, यावर विष्णुपंत जरा थबकले.

"लावा की! काडी पण आमच्याकडचीच पायजे काय?"

विष्णुपंतांनी काडी लावली. थोड्या वेळाने पाणी गुणगुणायला लागलं. चाक अर्धं फिरलं, अडलं आणि मग भिर्रकन सुटलं.

"आयला!" दिनानाथ खुर्चीतून उठलेच. "चालतंय की!"

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण बँडवाले खाली गेटवर होते, आणि मुहूर्त लागला की मुलीच्या मामाने, कैलासने, वरून शिट्टी मारायची असं ठरलं होतं. स्टेजवर अंतरपाट धरलेला. भटजी दुसऱ्या मंगलाष्टकात होते.

"ही कडी कशाची?" दिनानाथांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओढली.

कुईंऽऽऽ!

खाली बँड धडाडला. बँड वाजला म्हणून लोकांनी अक्षता टाकल्या. अक्षता पडल्या म्हणून धरणाऱ्यांनी अंतरपाट काढला. अंतरपाट निघाला म्हणून जिज्ञासाने हार घातला. मागच्या रांगेतले लोक तर जेवणाच्या दिशेने पळालेसुद्धा.

"अहो थांबा! मुहूर्त व्हायचाय अजून!" भटजी माईकवर ओरडले. "कोणी वाजवली शिट्टी?"

"मी नाय!" तोंडाजवळ नेलेली शिट्टी कैलासने खिशात लपवली.

हार काढले. अंतरपाट पुन्हा धरला. बँडवाल्यांना गप्प करायला माणूस पळाला. पण अक्षता संपल्या होत्या. काही जण गालिच्यावरच्या वेचायला लागले. शेवटी आचाऱ्याने मसालेभाताचे तांदूळ कुंकवात कालवून परातभर वर पाठवले, आणि लग्न दुसऱ्यांदा, पण वेळेवर लागलं.

मग मुलाची आई टेबलाशी आली. विष्णुपंत मान खाली घालून उभे राहिले.

"कुणाचं आहे हे?"

"माझं."

"घेऊन जा आधी! हे भूत आमच्या घरात नको."

"अगं सूनबाई," दिनानाथ कळवळले, "राहू दे की. चांगलं आहे. मी सांभाळतो."

"मामंजी, तुम्ही फेटा नीट करा."

अशा रीतीने विनवण्यांनी जे मिळत नव्हतं ते अब्रू गेल्यावर हातात आलं. मीनल घरी येईपर्यंत सासऱ्यांशी एक शब्द बोलली नाही. दारात मात्र तिला हसू फुटलं, ते आवरेना.

रविवारी दिनानाथ डब्यात लाडू घेऊन हजर. "पेटवा," चपला काढायच्या आत त्यांनी हुकूम सोडला.

विष्णुपंतांनी इंजिन उलटं करून हलवलं. आत खुळखुळ वाजलं. अक्षतांचा पहिला मारा स्टेजवर कमी आणि शेजारच्या रुखवतावर जास्त पडला होता.

"चिमणीत गेल्यात," ते म्हणाले. "जाळ केला तर जळतील."

"मग काढा की. चिमटा नाय का घरात?"

"आहे."

चिमटा समोरच होता. पण माधवीच्या इंजिनावर पडलेल्या अक्षता होत्या त्या; विष्णुपंतांनी ते तसंच फळीवर ठेवलं आणि मीनलला चहा टाकायला सांगितला. त्या अक्षता काढायच्या अजून राहिल्या आहेत.