भांडेवाले गिरडपिया

देवरावजींच्या दुकानातून पितळेची घागर घेतलीत आणि तिच्यावर नाव घालून घेतलंत, तर ते घरी नेण्याआधी वाचून घ्यावं. वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या एका वधूपित्याने वाचलं नाही. ते मांडवात रुखवत बघणाऱ्या बायकांनी वाचलं. 'सप्रेम भेट' असायला हवं तिथे सुबक अक्षरांत कोरलेलं होतं, 'बाट निहारूं, पिया ना आये'. नवरदेवाची गाडी नेमकी हिंगणघाटजवळ बंद पडलेली. नवरीच्या आत्याने तिथल्या तिथे रडायचा सूर लावला.

भांडायला आलेल्या वधूपित्याला देवरावजी शांतपणे म्हणाले, "बागेश्री रागातली ओळ हाय. मशीन चालू असतानी सुचली, हात थांबला नाई. जास्तीच्या अक्षराचे पैसे नाई घेतले तुमच्याकडून."

धंद्याने ते भांडेवाले, स्वतःच्या मते शास्त्रीय संगीताचे रचनाकार. नव्वदच्या दशकात मी शाळामास्तर होतो आणि त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो, त्यामुळे त्यांच्या समग्र रचनांचा जाणकार म्हणून आज जगात मी एकटाच उरलो असेन. ते जाणतेपण माझ्याकडे फरशीतून वर आलं. नाव घालायच्या मशीनच्या घरघरीला ते षड्ज म्हणत. मी तिला अर्धशिशी म्हणत असे.

चीजेच्या, म्हणजे बंदिशीच्या, अंतऱ्यात रचनाकाराने आपलं टोपणनाव गुंफायचं, ही जुनी रीत. देवरावजी मूळचे गिरड गावचे, म्हणून त्यांनी 'गिरडपिया' हे नाव घेतलं. नावावरून कुणी तरणाबांड प्रियकर डोळ्यांपुढे आला, तर तो दोष त्याचा. आमचे गिरडपिया साठीकडे झुकलेले, बंडी घालून कढयांच्या चळतीमागे बसत.

देवरावजी गिऱ्हाइकाला चीज गाऊन दाखवत आणि ते डबा घेऊन निघालं की विचारत, "सम सापडली का?" सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडली नसेल तर परत बसायचं आणि चीज पहिल्यापासून ऐकायची. जाणती गिऱ्हाइकं "सापडली, सापडली" म्हणतच दुकानात शिरत. त्यांच्या पत्नी शांताकाकू आतून म्हणायच्या, "यायले सम सापडते, दुकानाची चाबी नाई सापडत."

त्यांची इच्छा एकच होती. "मास्तर, एकडाव कोनी चांगल्या गवयानं स्टेजवर 'गिरडपिया' म्हनलं, का मी सुटलो." वर्ध्यात आलेल्या हरेक गवयाला त्यांनी गाठलं. गवई चहा प्यायले, घरी न्यायला तांब्याही पसंत केला, आणि चीज मात्र विसरून गेले.

त्यांची चीज मनापासून शिकली ती एकटी सविता. शाळेचा डबा घ्यायला आली आणि समेवर अडकली. मग रोज यायला लागली. देवरावजींना मूलबाळ नव्हतं. ती यायच्या वेळेला ते गिऱ्हाइकाला सरळ शेजारच्या दुकानात पाठवत. पुढे ती नागपूरला मोठ्या गुरुजींकडे गेली आणि नावारूपाला आली.

काही वर्षांनी वर्ध्यात तिचं गाणं ठरलं. तिने भावाकडून निरोप पाठवला, काकाजींची बागेश्री गाणार. झालं. देवरावजींनी अर्ध्या नालवाडीला आमंत्रण दिलं, नवा कुडता शिवला. भेट म्हणून एका तांब्यावर कोरलं, 'चि. सविता हिस सप्रेम भेट'. खाली देणाऱ्याची जागा मोकळी ठेवली. "थे गाईन, मंग टाकतो माह्यं नाव," म्हणाले.

कार्यक्रमाला आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. पहिल्या रांगेत तिचे गुरुजी. सविताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि माइकवर म्हणाली, "बागेश्रीतली एक पारंपरिक बंदिश." अंतऱ्यात 'गिरडपिया'च्या जागी 'श्यामपिया' आला. नालवाडीची माणसं माना वळवून देवरावजींकडे बघायला लागली. गुडघ्यावर ताल धरलेला त्यांचा हात क्षणभर अधांतरी राहिला आणि मग समेला बरोबर खाली आला.

परतताना ऑटोत मी सविताबद्दल नाही नाही ते बोललो. ते मला थांबवत म्हणाले, "तिचे गुरुजी समोर बसले होते ना, मास्तर. भांडेवाल्याची चीज हाय म्हनून थे कशी सांगन? पोरीले तिथंच राहाचं हाय. अन् गायली कशी, थे आयकलंच नाई का तुमी?"

सकाळी खाली मशीन घरघरली. मी जिना उतरलो तर त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "बसस्टँडवर देऊन येजा. थे आता नागपूरच्या गाडीत बसन. मी नाई येत. मले पाहून उगाच रडन थे."

सवयीने मी तांब्या वाचला. मोकळ्या ठेवलेल्या जागी सुबक अक्षरांत कोरलेलं होतं, 'पारंपरिक'.

"हे काय, काकाजी?"

"माह्यं नाव टाकलं, तं तिचे गुरुजी वाचतीन." मग खाली बघत म्हणाले, "अन् तिले सांगजा, समेवर लय सुंदर आली."

तेवढ्यात एक बाई डबा घेऊन आली. तिने पायरीवरूनच "सापडली, सापडली" म्हटलं. देवरावजींनी सम विचारलीच नव्हती. त्यांनी डबा घेतला, मशीन लावली आणि विचारलं, "नाव कोनाचं टाकू, बाई?"