चार माणसांचा रस्सा

"चार माणसं म्हंजे कुठली रं चार माणसं? तुज्या सांगलीची का आमची? तुजी चार माणसं वाटीत बोट बुडवून उठत्यात. आमची चार बसली तर वाढप्याला घाम पुसाया सवड गावत न्हाई. नीट लिवायचं की मग, कुठली चार त्ये."

आसं मानसिंग घाडगे अंगणात हुबा ऱ्हाऊन हातातल्या पोस्टकार्डावर वरडत हुता. कार्ड लिवणारा पेपरच्या पुरवणीचा सायेब हुता सांगलीत. त्येला काय ऐकू जाणार? आळीला मातर सगळं ऐकू गेलं. (मानसिंगला हळू बोलाया कुणी शिकवलंच न्हाई. चौथीपतोर शाळेत गेला, तितं बी मास्तरवरच वरडून आला.)

त्येचं झालं आसं. मानसिंगनं पलटणीत लंगर, म्हंजे जवानांचा भटारखाना, संभाळल्याला. गावात जत्रा असू दे न्हाईतर बारसं, मटणाची काईल त्येच्याबिगर चुलीवर चढायची न्हाई. यंदाच्या जत्रंत ह्यो सायेब जेवला, नाक पुसत पुसत परत परत रस्सा वरपला आन म्हणाला, "हे लिहून द्या. रविवारच्या पुरवणीत छापू. जमलं तर दर रविवारी लिहा."

झालं. मानसिंग तडक पाराव गेला. "कोण म्हशी पाळतंय, कोण कोंबड्या. आपला जोडधंदा लिवायचा. पेपरात नाव बगा माजं." आन लिवलं काय, तर 'एक बोकड घ्यावं. चटणी घमेलंभर. मीठ फावड्याच्या टोकानं.' त्येच्यावर सायबाचं ह्ये कार्ड: प्रमाण चार माणसांसाठी द्या, सोमवारी आलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

नाव आलं न्हाई तर पाराव कुठल्या तोंडानं बसायचं, ह्या काळजीनं गडी तापला हुता.

"आपल्या घरात चारच हायती की," बायकू बनुबाई म्हणाली. "तुमी, मी, मामंजी आन पोरगा साईराज. करून बगा."

"साईराज धरायचा? त्यो तालमीत जातोय. मग चार न्हवं, सात झाली."

"मामंजीस्नी दात न्हाईत. त्येंचं वजा करा."

(हिशेब तितंच मोडला.)

ऐतवारी मानसिंगनं किलोभर मटण आणलं. पर आपल्याकडं मटण शिजाय लागलं की वास आळीभर जातो. मग जो दारात येईल त्येला 'बसा, जेवूनच जावा' म्हणायचं आन रश्श्यात एक तांब्या पाणी वाढवायचं. आज कोण आलं तर माप चुकणार. म्हणून मानसिंगनं भर दुपारी दार लावलं, आतनं कडी घातली आन चुलीम्होरं पेन्सिल घिऊन बसला.

आता भर दुपारी घाडग्याचं दार बंद, ह्ये गावानं कवा बगितलंच न्हवतं. पयली आली शेजारची सुलाबाई.

"बने, काय झालं गं? मारतोय का काय त्यो?"

"न्हाई वो, लिवत्यात."

"दार लावून?"

सुलाबाई गेली ती थेट मानसिंगच्या चुलतभावाकडं, कोंडीबाकडं. दार लावून लिवतोय म्हटल्यावर कोंडीबाच्या डोक्यात दुसरं काय येणार? सगळी भावकी गोळा करून त्यो दारावर बुक्क्या घालाय लागला.

"मानश्या, दार उघड. म्हाताऱ्याचा आंगठा घेतोयस व्हय रं जमिनीच्या कागदावर?"

"मटणाचं लिवतोय गड्या."

"मटणाला कोण कडी घालतंय?"

तवर आतनं मानसिंगचा म्हातारा बा तात्याबा म्हणाला, "आंगठा कशाला देतोय मी? नळी चोखतोय. जावा घरला."

घरला कोण जातंय? बनुबाईनं दार उघडलं, वास भाईर आला आन भावकीचा राग जागच्या जागी बसला, भावकी बी बसली. दारात आलेली माणसं मटण शिजताना उपाशी घालवायची म्हंजे बनुबाईला जलमभर ऐकाया लागलं आस्तं. तिनं तांब्या बुडवला.

"थांब की, माप लिवू दे," मानसिंग वरडला.

"लिवा. कोंडीबा भावजी आलं, एक तांब्या. सुलाबाई, अर्धा तांब्या, ती कमी खाती. बाकीची भावकी, कळशी."

"आन चटणी?"

"कळशीला शोभंल येवडी."

मानसिंगनं तसंच लिवलं. त्येला खोटं येत न्हाई. शेवटाला त्येच्या ताटात रस्सा आला, त्यात त्येचंच त्वांड दिसत हुतं. फोड न्हाई. कागद सोमवारच्या पयल्या यष्टीनं गेला.

सायेब लय हासला म्हणं, आन हाय तसंच छापलं. ऐतवारी सकाळी सगळा गाव पाराव. कोंडीबानं मोठ्यानं वाचाय घेतलं. नाव न्हाईतर नुसतं 'भावकी' आलं तरी ज्येचं त्यो छाती काढत हुता. सुलाबाई तेवढी म्हणाली, मी काय कमी खात न्हाई. मानसिंग फेटा नीट करून शेवटाला खालच्या आपल्या नावाची वाट बगत बसला. कोंडीबा तितं येऊन थांबला.

"वाच की रं. न्हाई का नाव?"

"नाव हाय. पर छापखान्यातल्यास्नी सवय न्हाई वाटतं. पाककृती बायकाच धाडत आसतील."

"वाच म्हणतोय न्हवं."

"सौ. मानसिंग घाडगे."

सगळा पार हासून हासून आडवा झाला. कोंडीबानं उठून वाकून नमस्कार घातला. "वैनी, म्होरल्या ऐतवारी काय करताय?"

मानसिंग पेपर हिसकावून घरला आला आन अंगणात हुबा ऱ्हाऊन पुन्ना सांगलीकडं त्वांड करून सुरू झाला. बनुबाई उंबऱ्यावर पाय लांब सोडून बसली हुती. सगळं बोलणं सरूस्तोवर तिनं ऐकून घेतलं.

"वरडू नगासा," ती म्हणाली. "पेपरात आलंय म्हंजे खरं आसंल. चूल पेटलीया. आत जावा आन भाकरी थापा."