चाक एका घरचं, डबा दुसऱ्या घरचा

आमच्या शेजारचा देविदास मोटारींच्या शर्यतीत मागच्याला साइड देतो. खिडकीतून हात काढावा तसा उजवा हात बाजूला काढतो आणि म्हणतो, "जा बा, तुले घाई असन." खिडकी कुठली आली? बैठकीच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसलेला असतो. मागची गाडी सुर्रकन निघून जाते. देविदास शेवटून दुसरा येतो. शेवटचा जो येतो त्याची गाडी बहुतेक उलटलेली असते.

तीस वर्षं त्याने धाड-बुलढाणा काळीपिवळी जीप चालवली. तेवढ्या वर्षांत एक कोंबडीसुद्धा मारली नाही. गावात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरबद्दल मी असं लिहिणार नाही. दोन वर्षांपूर्वी जीप विकली, पण सीट काढून ठेवली. ती सीट आता बैठकीत आहे. पुढे लोखंडी टेबल, पायाशी ब्रेक, वर स्टेअरिंग. टेबलाला लिंबू-मिरची, दर शनिवारी ताजी. बसण्याआधी चपला काढतो आणि स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावतो.

त्याची बायको सिंधू म्हणते, "घरातल्या देवाले कधी एवढं वाकले नाही हे."

मला वाटलं, माणसाला चळ लागला. मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "लागला ना काकू. बसा. चहा टाकते सिंधू."

मग त्याने मला सगळं समजावलं. मी चौथी शिकलेली, पण मला समजलं, म्हणजे त्याने नीट सांगितलं असणार. ह्या खेळाच्या स्टेअरिंगचे दोन भाग असतात. हातात धरायचं ते चाक, आणि त्याच्यामागे मोटार असलेला डबा. रस्ता खराब असला की डबा चाकाला हिसका देतो, वळणावर जड करतो. प्रत्येक कंपनी आपल्या डब्याला आपलंच चाक बसेल अशी सोय करते. दुसऱ्याचं चाक नेलं तर भोकं जुळत नाहीत. आणि देविदासकडे चाक एका कंपनीचं, डबा दुसऱ्या कंपनीचा.

ज्याच्याकडून डबा घेतला तो दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, ह्याच कंपनीचं चाक घेऊन टाका ना."

"चाक बदलाचं नाही," देविदास म्हणाला. "तुमी भोकाचं बोला."

भोकांचं कोणी बोललं नाही, म्हणून त्याने स्वतः मनावर घेतलं. चाक आणि डबा ह्यांच्यामध्ये बसवायला पहिली तबकडी बाभळीच्या लाकडाची केली. ती पहिल्याच वळणावर फुटली आणि चाक हातात आलं. चाक हातात धरून तो पाच मिनिटं तसाच बसला होता, असं सिंधू सांगते. मग चिखलीला लेथवाल्याकडून जाड अॅल्युमिनियमची तबकडी करून आणली, एका बाजूने ह्या कंपनीची भोकं, दुसऱ्या बाजूने त्या कंपनीची. बसली, पण चाक दोन बोटं तिरकं. आठ दिवस तो मान वाकडी करून गाडी चालवत होता. गल्लीत लोक विचारत होते, लचक भरली का म्हणून. पुन्हा चिखली. तिसऱ्या तबकडीला चाक सरळ बसलं.

माणूस अडाणी नाही. मी त्याच्या वयाचे पुष्कळ पाहिले, ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या सुना मोजतात.

पण चाक फिरलं तरी चाकावरची बटणं मेलेली. परक्या कंपनीच्या बटणांचं डबा ऐकतच नाही. त्यात त्याला एकच बटण हवं होतं, डिपरचं. म्हणजे पुढचे लाइट क्षणभर चमकवायचं.

"शर्यतीत डिपर कायले लागते रे तुले?" मी विचारलं.

"लागते काकू."

"मग कीबोर्डवरचं दाब."

"स्टेअरिंगवरचा हात काढून डिपर देते का कोणी? गाडी नालीत जाईन."

आता हे चाक कोणाचं ते सांगते. त्याच्या पोराचं, मंगेशचं. कॉलेजात असताना मंगेश हाच खेळ खेळायचा. देविदासला वाटायचं, पोराने जीपवर बसावं. तीन वर्षांमागे भांडण झालं. "खोट्या गाड्या चालवून राह्यला बे," असं ओरडून बापाने टेबलावरून सगळं खाली ओढलं. डबा फुटला, चाक वाचलं. भिंतीपलीकडे मी सगळं ऐकलं. सकाळच्या गाडीने मंगेश पुण्याला गेला, तो नोकरीलाच लागला. सिंधूशी फोनवर बोलतो. फोन वाजला की देविदास उठून अंगणात जातो. बोलायचं काय, हे त्याला सापडत नाही.

भाचीने त्याला सांगितलं, मंगेश दर रविवारी दुपारी इंटरनेटवरच्या एका शर्यतीत असतो, तिथे कोणालाही उतरता येतं. तेव्हापासून हा सगळा खटाटोप. पोराच्या गाडीमागे जाऊन एकदा डिपर द्यायचा होता. जीपवाल्यांत रस्त्यावर एकदा डिपर दिला की तो रामराम. मंगेश बारा वर्षांचा असताना त्याला शेजारी बसवून हे यानेच शिकवलं होतं.

एका शनिवारी माझ्याकडे आला. "काकू, तुमचा तो जुना फोन हाये का? बंद पडलेला?"

"हाये. काऊन?"

"रिसीव्हरची वायर पाह्यजे. गोल गोल वळलेली. चाक फिरलं तरी गुंतत नाही, अन् आत चार तारा असतात. मले चारच लागतात."

मोडक्या कीबोर्डातली, बटणं ओळखणारी सर्किटची पट्टी काढून त्याने चाकाच्या पाठीला बसवली होती. तिथून माझ्या फोनची वायर थेट कॉम्प्युटरला. डब्याला विचारायचंच नाही. बटण जिवंत झालं.

रविवारी मी जाऊन बसले. पडद्यावर गाड्यांच्या डोक्यावर नावं. देविदासच्या गाडीवर लिहिलेलं होतं, धाड-बुलढाणा. त्या दिवशी त्याने कोणाला साइड दिली नाही. घाम गाळत मंगेशच्या मागे पोहोचला. अंगठा दाबला. लाइट चमकले.

काही नाही. मंगेश पुढेच.

पुढच्या फेरीत पुन्हा एकदा. एकदाच. दोनदा दिला तर त्याचा अर्थ पुढे चेकिंग आहे असा होतो, आणि देविदास रस्त्यावर खोटं बोलत नाही.

सरळ रस्ता होता, ब्रेकचं काही काम नव्हतं. तरी मंगेशच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी हळू झाली, डावीकडे सरकली. त्याने बापाला साइड दिली.

"जा ना पुढं," मी म्हटलं.

देविदास गेला नाही. त्याच्या बाजूला गाडी घेतली आणि बरोबरीने चालवत राहिला. बाकीच्या सगळ्या गाड्या त्यांना ओलांडून गेल्या. शेवटचे दोन नंबर ह्या दोघांचे आले.

थोड्या वेळाने आत सिंधूचा फोन वाजला. देविदास सीटवरून उठला. अंगणाच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

"दे इकडं," तो म्हणाला.

मी घरी आले. फोनची वायर काम झाल्यावर परत मागायची असं ठरवलं होतं. मागितली नाही.