कोबीला आलेली गाठ

दिंडोरीच्या अलीकडे रोपांची नर्सरी चालवणाऱ्या झुंबरला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. "आपल्याला चिठ्ठीबिठ्ठी लागत नाय! पान दाखवा, जात सांगतो!"

यंदा गावातल्या अकरा बायांनी गट केला. कुणाचं अर्धा एकर रान, कुणाचं दहा गुंठे. दर रविवारी देवळालीच्या लष्करी कॅम्पात भरणाऱ्या शेतकरी बाजारात आपला माल आपणच विकायचा, असं ठरलं. गटाच्या म्होरक्या वत्सलाबाई झुंबरकडं कोबीची रोपं न्यायला आल्या. ट्रेवरची नावं पाण्यानं केव्हाच धुऊन गेली होती. झुंबरनं एक पान चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "कोबी! गड्डा दोन हातांत मावायचा नाय!"

सव्वा महिन्यानं वत्सलाबाई एक रोप मुळासकट उपटून हजर.

"भाऊ, कोबीला गाठ आलीय!"

खोड मातीच्या वर लिंबाएवढं फुगलं होतं. झुंबरला काही कळेना. पण चेहरा मात्र मोठ्या डॉक्टरचा!

"खत जास्त झालं. बंद करा."

खत बंद केलं. गाठ पेरूएवढी झाली.

"पाणी कमी करा!"

पाणी कमी केलं. गाठ मोसंबीएवढी झाली!

"मग आंबट ताक फवारा!"

अकरा बायांनी अकरा शेतांत ताक फवारलं. गावातली झाडून सगळी कुत्री बांधावर जमली आणि गाठी अशा तुकतुकीत झाल्या, जणू माहेरपणाला आल्यात!

शेवटी झुंबरच्या लेकीनं, चैतालीनं, फोनवर फोटो ताडून पाहिला. "बाबा, हा रोग नाय. नवलकोल हाय. आणि मस्त आलाय!"

झुंबरला आता आठवलं. कोबीशेजारीच त्यानं नवलकोलाचंही बी टाकलं होतं. मग कोबी कुणाकडं गेला, हे त्यानं स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

तसाच उठून तो वत्सलाबाईंच्या ओट्यावर गेला. "बाई, रोग पिकाला नाय. माझ्या तोंडाला हाय."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाया पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बाजारात बसणार होत्या, भाऊ. हे खातं कोण आपल्याकडं?"

"मी येतो विकायला. शेवटची गाठ जाईपर्यंत उठणार नाय."

रविवारी सकाळी कॅम्पात टेबल लागलं. माल देखणा दिसावा म्हणून बायांनी पानं छाटून शेळ्यांना घातली होती. तास गेला, दोन तास गेले. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, "हे काय?" म्हणायचं आणि पुढं जायचं.

तेवढ्यात एका जवानाची काश्मिरी बायको थबकली. तिचे डोळे चमकले.

"भैया, हाक नहीं है?"

हाक? एवढंच ना! झुंबर उभा राहिला, छाती भरून घेतली आणि ओरडला, "घ्या ओऽ घ्या! नवलकोऽऽल!"

बाई दोन पावलं मागं सरकली. "नहीं भैया! हाक! हाक!"

आणखी मोठ्यानं पाहिजे, असं समजून झुंबरनं अशी आरोळी ठोकली, की स्टँडवरच्या बसमधले लोक खिडकीतून डोकावले! हां हां म्हणता टेबलाभोवती गर्दी झाली. त्या बाईला हसू आवरेना. तिनं हातानं पान करून दाखवलं. तिच्याकडं पालेभाजीला हाक म्हणतात. तिची आई ही गाठ पानांसकट शिजवायची.

"तीन साल बाद देखा! पत्ते कहाँ हैं?"

"बकरी के पेट में!" वत्सलाबाईंनी आयुष्यातलं पहिलं हिंदी वाक्य खणखणीत म्हटलं.

आरडाओरडा ऐकून आलेल्यांत एक बंगाली बाई होती, पंजाबचे एक हवालदार होते. दोघांनीही ही भाजी लहानपणापासून खाल्लेली! दुपारच्या आत टेबल रिकामं. वर पुढच्या रविवारची मागणी, पानांसकट! निम्मा माल अजून शेतातच होता. बाया एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या. वत्सलाबाईंनी झुंबरला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. पहिला घोट घेतो तोच घरून सुमनबाईंचा, म्हणजे बायकोचा, फोन.

"अहो, घरात भाजी नाय. येताना एक कोबी आणा."

नाही म्हणायची सोय नव्हती. चार टेबलं पलीकडं जाऊन झुंबरनं गुपचूप एक गड्डा घेतला, पिशवीत घातला, वरून रुमाल दाबला आणि टेम्पोत चढला.

"काय घेतलं, भाऊ?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"काय नाय... नारळ!"

त्यांनी रुमालाखालून डोकावणाऱ्या हिरव्या पानाकडं पाहिलं.

"असंल," त्या म्हणाल्या. "तुमच्या नर्सरीतला असंल."