मारुतीचे बारा तास

मूल गावच्या बाजाराच्या दिवशी दुपारी घनश्यामबुवांनी लक्ष्मणशक्तीचे आख्यान लावले. बुवा गावात नवीन. आजचे कीर्तन रंगले तर पुढचे सात दिवस त्यांचेच, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत, असे देवळाचे पंच डोमाभाऊ यांनी सकाळीच सांगून ठेवले होते.

बुवांचा गळा गोड. लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा देवकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आता सूर्योदयाच्या आत मारुतीने हिमालयातून संजीवनी आणायची, एवढेच राहिले होते. पण पुढच्या रांगेत भातगिरणीचे मुनीम बाबुलाल बसले होते. नागपूरहून आणलेले विमानाचे वेळापत्रक ते हल्ली झोपतानाही उशाशी ठेवत. ते हातात पाहून बुवांना दृष्टान्त सुचला.

"बाबुलालजी, दिल्ली ते कोलंबो विमानाला किती वेळ लागतो? दिल्ली म्हणजे आपला हिमालय धरा, कोलंबो म्हणजे लंका."

"पंधराशे मैल. नुसतं उडाले दहा तास. नागपूर-मद्रासले थांबते ते येगळं."

"आणि माझा मारुतिराया? एका रात्रीत जाऊन येऊन."

टाळ कडाडले. ते थांबेपर्यंत बाबुलालांनी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला होता. "रात्र बारा तासांची, महाराज. म्हणजे विमानाच्या पावणेदोन पट बी नाई भरत."

देवकाबाई उठून उभ्या राहिल्या. "मी अकरा शनिवार उपाशी राह्यली, ते पावणेदोन पटासाठी का?"

"बाई, मारुती वाटेत थांबला ना," बुवा घाईने म्हणाले. "कालनेमीच्या आश्रमात तासभर गेला. मगरीशी झुंज झाली. भरताची भेट झाली. तो वेळ वजा करा."

मारुती वाटेत जितका रेंगाळेल, तितका त्याचा वेग वाढतो, हे लोकांच्या ध्यानात आले. मग सगळे गाव त्याला थांबवू लागले.

"मगरीनं पाय धरला का दोन तास सोडत नाई," मासे धरणारा झाडू ढिवर म्हणाला. "तलावाच्या माणसाले इचारा."

"भरताकडे दोन तास धरा," देवकाबाई म्हणाल्या. "घरची खबर पुसल्याबिगर कोणी सोडते का?"

"आंघोळीचा एक," मागून कोणीतरी म्हणाले.

"सहा उरले," बाबुलाल म्हणाले. "तिपटीच्या वर गेला."

देवकाबाई समाधानाने खाली बसल्या. तेवढ्यात, बाजारात जंगलातल्या मुळ्या नि औषधे विकायला आलेला पोचू खांबाजवळून म्हणाला, "जडी हुडकाले किती धरले?"

"ते धरलेच नाई," बाबुलाल म्हणाले.

"अंधारात एक मुळी भेटाले मले दोन दिवस लागते. थो पहाड तर परका."

बाबुलालांनी पेन्सिल खाली ठेवली. बारा तासांत दोन दिवस काही बसेनात. लक्ष्मण तसाच पडलेला. डोमाभाऊ शेजाऱ्याला गाडीची वेळ विचारू लागले.

बुवांनी चिपळ्या कमरेला खोवल्या आणि पोचूसमोर जाऊन बसले. "पोचूभाऊ, घरी भाऊ पडला आहे, जडी ओळखू येत नाही, उजाडायला आलं आहे. तुम्ही काय कराल?"

पोचूने डोके खाजवले. "हुडकणार नाई. दिसन ते सारंच उपटून नेईन. मंग घरचा म्हातारा निवडन."

"मारुतीनंही तेच केलं," बुवा उठत म्हणाले. "पहाडच उचलला."

झांजा अशा वाजल्या की बाजारातले बैल बिचकले. लक्ष्मण उठून बसला.

प्रसाद वाटताना डोमाभाऊ म्हणाले, "महाराज, सात दिवस पक्के. उद्या सेतू घ्या. आमचे लटारूभाऊ पुलाचे मुकादम हायेत, समोरच बसतेत."

बुवांनी हात जोडले. "उद्या प्रल्हाद लावतो."

"लावा ना. पण नरसिंह निघाला तो खांब सागाचा होता का ऐनाचा, तेवढं पाहून ठेवा. आलापल्लीचे लाकूडडेपोवाले येऊन राह्यले."