पहिल्याच खेपेला चालेल

"वर्षभरात रंगाबद्दल एकही तक्रार आली नाही," असं मॅनेजर साहेब वार्षिक सभेत म्हणाले, तेव्हा रंग तपासणाऱ्या बाई खुर्चीत जरा सावरून बसल्या. साहेब पुढे म्हणाले, "आणि याचं सगळं श्रेय आपल्या नव्या यंत्राला जातं!" टाळ्या झाल्या. रंग मोजणारं यंत्र मागवल्याबद्दल साहेबांना मानचिन्ह मिळालं. यंत्र स्वतः समारंभाला आलं नव्हतं. ते तपासणीच्या खोलीत, कोपऱ्यात, प्लास्टिकच्या आवरणाखाली होतं. आल्या दिवसापासून त्याचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नव्हता.

"मग तू उठून सांगायचंस ना," घरी नवरा म्हणाला. तो मटार सोलत बसला होता.

"काय सांगू? यंत्राची तक्रार करू? ते बिचारं काही बोललं नाही."

"फार रागावलीस वाटतं."

"राग नाही रे, कंटाळा आलाय. रागावायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. उद्यापासून जो नमुना येईल त्याला 'चालेल' म्हणायचं आणि पाच वाजता पर्स उचलायची. ठरलंय माझं."

"तुला जमेल?"

"काही न करण्यात जमायचंय काय?"

नवऱ्याने एक किडका दाणा बाजूला टाकला. "अजून एक आहे, डावीकडे," बाई वर न बघता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या कार्यालयाच्या इमारतीसाठी फिकट राखाडी रंगाची टाकी लागली होती. टाकी कालवणारे काका हे कारखान्यातले सगळ्यात जुने. त्यांची आणि बाईंची एक पद्धत होती, आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. काका पहिला नमुना अर्धवट मिश्रणाचाच आणत. बाई तो दिव्याखाली धरून नापास करत. मग काका खरं कालवायला घेत. दुसराही नापास होई, तिसऱ्याला बाई "जवळ आलो" म्हणत आणि चौथा किंवा पाचवा पास होई. बाई नापास करणार, या भरवशावर अख्ख्या कारखान्याचं वेळापत्रक उभं होतं. पहिल्या नमुन्याच्या वेळेत काका चहा पीत आणि दुसऱ्याच्या वेळेत डबे भरणारे जेवून घेत.

काकांनी रंग फासलेलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि सवयीने दाराकडे वळले.

"चालेल," बाई म्हणाल्या.

काका थांबले. "काय चालेल?"

"हेच, हा नमुना."

"अहो ताई, यात काळा अजून पडलेलासुद्धा नाही. पांढऱ्यात नुसता चमचा फिरवून आणलाय मी."

"मग टाका काळा."

"किती?"

"तुम्हाला वाटेल तेवढा. चालेल."

काकांनी खुर्ची ओढली. "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे, काका."

"मग माझं काही चुकलं का? काल जेवणात मी तुमच्याआधी वाढून घेतलं, ते का?"

"काही चुकलं नाही हो. चालेल म्हटलं की चालेल."

काका चहा न पिताच परत गेले. त्यांनी काळा घातला, घोटून घोटून ढवळला आणि दुसरा नमुना आणला. "चालेल." त्यांचा चेहरा आणखी पडला. तिसऱ्यालाही "चालेल" आल्यावर ते तडक मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, ताईंना बरं नाहीये."

"काय होतंय?"

"पास करतायत."

साहेब लगबगीने आले. त्यांनी आधी दिव्यावर संशय घेतला. दिवा बदलला. मग ज्याच्याशी रंग जुळवायचा त्या मूळ नमुन्यावर संशय घेऊन तो पुसून काढला. बाई हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. त्या शांतपणामुळे साहेबांना घाम फुटला.

"मॅडम, दुसरीकडे कुठे नोकरी वगैरे बघताय का?"

"नाही हो."

"मग हे असं चालेल, चालेल काय?"

"तुम्हाला काय वाटतं, चालेल का?"

साहेबांनी तीनही कार्डं डोळ्यांसमोर धरली. त्यांना तिन्ही एकसारखी दिसली, पण तसं बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती. "आपल्याकडे यंत्र आहे," ते एकदम म्हणाले. "काढा बाहेर!"

आवरण निघालं. इलेक्ट्रिशियनने प्लगच कापून टाकला आणि दुसरा जोडला. यंत्र सुरू झालं आणि त्याने पहिली मागणी केली. त्याला आधी शुद्ध पांढरं म्हणजे काय ते दाखवायचं होतं. त्यासाठी खोक्यात एक छोटी पांढरी फरशी आली होती. ती कुठेच सापडेना. शेवटी ती साहेबांच्या टेबलावर सापडली. कित्येक महिने तिच्यावर त्यांचा चहाचा कप उभा होता.

साहेबांनी ती रुमालाने पुसली. तरी सगळ्या फरशीवर एक पुसट चहाळलेली झाक उरलीच. ती दुसऱ्या कुणाला दिसली नाही. बाईंना खुर्चीतूनच दिसली.

"काय मॅडम, फरशी ठीक आहे?"

बाईंच्या जिभेवर वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "चालेल."

त्या क्षणापासून यंत्राच्या लेखी जगातलं पांढरं म्हणजे चहाळलेलं. त्यामुळे काकांचा राखाडी त्याला निळा दिसू लागला. पडद्यावर आलं: निळा जास्त. काकांनी पिवळा घातला. यंत्र म्हणालं, अजून निळाच. काकांनी पिवळ्यासोबत थोडा तांबडा घातला. यंत्र जरा नरमलं. साहेब खूश होऊन म्हणाले, "बघा, शास्त्र आहे हे! घाला अजून!" काका मुकाट्याने घालत राहिले, आणि अख्खी टाकी हळूहळू दूध जरा जास्त झालेल्या चहाच्या रंगाची झाली. मग यंत्राने हिरवी खूण दाखवली.

साहेबांनी खोलीबाहेर जाऊन टाकीत डोकावून पाहिलं. हे राखाडी नाही, एवढं त्यांनासुद्धा दिसत होतं. पण खूण हिरवी होती. "भरा डबे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

डबे भरणारे पुढे सरकले. टाकीच्या पाटीवर कालवणाऱ्याचं नाव असतं. तिथे काकांचं नाव होतं. काका पाटीकडे पाहत उभे होते आणि हातातला ढवळण्याचा दांडा फडक्याने पुसत होते. तो कधीच स्वच्छ झाला होता, तरी पुसत होते. ही टाकी परत आली, तर त्यांच्या नावाने येणार होती. बाईंनी ते उघड्या दारातून पाहिलं आणि त्या पहिल्यांदाच खुर्चीतून उठल्या.

"थांबा! हे नाही चाल—"

"वा!"

हा आवाज कारखान्याच्या दारातून आला. ज्यांची इमारत होती त्या गिऱ्हाईक बाई माल पाहायला आल्या होत्या. त्यांनी टाकीवर ओणवून पाहिलं. "अहो, कसला सुंदर रंग आहे हा! आम्ही राखाडी मागवला होता ना? माझ्या तर तो मनातच भरत नव्हता. हा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

साहेबांचा रंग परत आला. "आमच्या मॅडम! अकरा वर्षं आहेत आमच्याकडे. काय नजर आहे!"

साहेबांनी असं कौतुक करण्याची अकरा वर्षांत ही पहिली वेळ होती. बाईंना काय करावं ते सुचेना. त्या खरं तेच बोलल्या. "मी काहीच केलेलं नाही. सकाळपासून नुसती बसून आहे."

"आणि किती विनयशील!" गिऱ्हाईक बाई म्हणाल्या. "मला आवडतात अशी माणसं. आम्ही दुसरी इमारतही याच रंगात काढू. हुबेहूब हाच हवा हं, जराही फरक नको." नव्या रंगाच्या कार्डाचा एक तुकडा पर्समध्ये टाकून त्या गेल्या. साहेबांनी बाईंशी हस्तांदोलन केलं आणि तेही गेले.

तपासणीच्या खोलीत परत बाई आणि काकाच उरले.

"ताई," काका हळूच म्हणाले, "मी काय काय घातलं ते मला अजिबात आठवत नाही. यंत्र म्हणेल तसं ओतत गेलो."

"यंत्राला विचारा ना."

"विचारलं. ते आता निळा कमी म्हणतंय."

घड्याळात पाच वाजायला आले होते. पर्स टेबलाच्या कडेलाच होती. कौतुक तर मिळून चुकलं होतं, तेही काही न करता. आता काहीही केलं तरी ते वाढणार नव्हतं आणि कमीही होणार नव्हतं. काका घाईघाईने छोट्या भांड्यात एक मिश्रण करून, कार्डावर फासून घेऊन आले. रंग जवळजवळ तोच होता. साहेबांना फरक कळला नसता, गिऱ्हाईक बाईंना तर नाहीच. बाईंनी कार्ड उचललं, दिव्याखाली धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"तांबडा एक थेंब जास्त आहे," त्या म्हणाल्या. "आणि घोटला नाहीत तुम्ही नीट. घेऊन जा."

काकांनी कार्ड हातात घेतलं. मग दार उघडून अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, ताई बऱ्या झाल्या!"

डबे भरणारे, गोदामवाले, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांनी हातातलं खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. काका कार्ड घेऊन सकाळपासून राहिलेला चहा प्यायला निघून गेले.

पर्समधला फोन वाजला. "पाच वाजून गेले," नवरा म्हणाला. "निघालीस ना?"

"नाही रे. आत्ताच नापास केलाय एक."

"म्हणजे उशीर?"

"हो, तू जेवून घे." मग बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आज टाळ्या वाजल्या माझ्यासाठी."

"वा! कशाबद्दल?"

बाईंनी दिवा जवळ ओढला. "आल्यावर सांगते. तुला पटणार नाही."